सकाळ बागेत, दुपार मॉलमध्ये: लहान मुलाला घेऊन क्वालालंपुरात फिरताना

नोकरीनिमित्त क्वालालंपूरला आलेल्या मराठी घरात पहिले काही आठवडे घर शोधणं, बँक खातं आणि गॅसची जोडणी यातच जातात. मग एक शनिवार उजाडतो, दोन-तीन वर्षांचं पोर अठराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये सोफ्यावरून उड्या मारू लागतं आणि प्रश्न पडतो की याला न्यायचं कुठे? ठिकाणांच्या याद्या व्हॉट्सॲपवर ढिगाने मिळतात. त्या ठिकाणी किती वाजता पोचायचं आणि किती वाजता तिथून निघायचं, हे मात्र कोणी सांगत नाही. इथे लहान मुलासोबतचा दिवस बहुतेक वेळा घड्याळावरच जमतो किंवा बिघडतो. हा लेख मुख्यतः शून्य ते सहा वर्षांच्या मुलांच्या आईबाबांसाठी आहे.

१. निघण्याआधी: मुलाची कागदपत्रं

- पासपोर्ट. मलेशियात शिरताना तो किमान ६ महिने वैध हवा. लहान मुलांचा भारतीय पासपोर्ट ५ वर्षांचाच असतो, त्यामुळे आईबाबांचे पासपोर्ट ठीक असतात आणि नेमका पोराचा संपत आलेला असतो.
- डिजिटल अरायव्हल कार्ड, म्हणजे एमडॅक. १ जानेवारी २०२४ पासून ते लागतं. पोचण्याच्या आधीच्या ३ दिवसांत भरायचं, आणि तान्ह्या बाळाचंही वेगळं भरायचं. इमिग्रेशनच्या अधिकृत साइटवर ते फुकट आहे. पैसे मागणारी साइट दिसली की बंद करा.
- जन्मदाखला, इंग्रजीतला. डिपेंडंट पाससाठी, म्हणजे नोकरीवर आलेल्याच्या कुटुंबाच्या राहण्याच्या परवान्यासाठी, तो लागतोच. त्यावर आईचं नाव लग्नाआधीचं आणि पासपोर्टवर लग्नानंतरचं, किंवा मधल्या नावाच्या स्पेलिंगमध्ये एखादं अक्षर इकडेतिकडे, हे आपल्याकडे सर्रास असतं. ते भारतातच दुरुस्त करून घ्या. इथून महानगरपालिकेचे हेलपाटे घालता येत नाहीत.
- लसीकरणाची नोंद. आपल्या कार्डावर डॉक्टरांच्या अक्षरात तारखा असतात आणि त्या इथल्या नर्सला वाचता येत नाहीत. येण्याआधी बालरोगतज्ज्ञांकडून इंग्रजीत टाइप केलेली, सही-शिक्क्याची यादी घ्या. पाळणाघर आणि बालवाडी दोन्ही ठिकाणी ती मागतात.

पास मिळाला की त्याची प्रत आणि पासपोर्टच्या पहिल्या पानाचा फोटो आईबाबा दोघांच्याही फोनमध्ये ठेवा. तिकीट काढताना तो कामाला येतो, ते पुढे येईलच.

२. घड्याळ समजून घ्या

मलेशियाची वेळ भारताच्या अडीच तास पुढे आहे. पुण्यात सातला उठणारं मूल इथे साडेनवाला उठतं आणि रात्री बारापर्यंत टक्क जागं राहतं. पहिल्या आठवड्यात याच्याशी भांडू नका, रोज अर्धा तास अलीकडे सरकवत न्या. विषुववृत्त जवळ असल्यामुळे वर्षभर सूर्य सातच्या पुढे-मागे उगवतो आणि संध्याकाळी सव्वासातच्या सुमारास मावळतो. सकाळी साडेसहाला बाहेर काळोखच असतो, त्यामुळे ‘ऊन पडायच्या आत जाऊन येऊ’ म्हणून फार लवकर निघण्यात अर्थ नाही.

मुलांसाठी बाहेरच्या चांगल्या वेळा दोनच: सकाळी साडेसात ते दहा आणि संध्याकाळी साडेपाच ते सात. मधल्या वेळेत ३२-३३ अंश तापमान आणि अंगाला चिकटणारा दमटपणा असतो. मुंबईकरांना मे महिना आठवेल. फरक इतकाच की इथे जून येऊन सुटका करत नाही.

दुपारी तीननंतर पावसाचा भरवसा नाही. एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तर रोज दुपारी आभाळ फाटल्यासारखं कोसळतं, तासाभरात थांबतं, आणि पुन्हा ऊन. पावसापेक्षा विजेला जास्त जपा. क्वालालंपूर ज्यात वसलंय त्या क्लांग खोऱ्यात विजा फार पडतात. गडगडाट ऐकू आला की इमारतीच्या पोहण्याच्या तलावातून सगळ्यांना बाहेर काढतात. मूल रडलं तरी ‘अजून पाच मिनिटं’ मागू नका.

साधारण जून ते ऑक्टोबर या काळात काही वर्षी धुरकं येतं. त्यासाठी सरकारी हवा निर्देशांक, म्हणजे एपीआय बघायचा: ५० पर्यंत छान, १०० पर्यंत चालेल, १०० च्या वर गेला की लहान मुलाला घेऊन बागेत जाऊ नका.

तेव्हा सोपा हिशोब असा: सकाळी उघड्यावर, जेवण आणि दुपारची झोप छपराखाली, आणि दिवसाला एकच ठिकाण. पाहुणे आले की दिवसात तीन ठिकाणं उरकायची आपली सवय इथे पहिल्या दुपारीच मोडते.

३. पिशवीत काय हवं

- पातळ जॅकेट. बाहेर घाम आणि मॉलमध्ये, ट्रेनमध्ये हुडहुडी. सर्दी बहुतेकदा याच ये-जा करण्यातून होते.
- मोजे, मुलाचे आणि तुमचेही. मॉलमधल्या इनडोअर प्लेएरियात मोज्यांशिवाय आत सोडत नाहीत. रबरी ठिपक्यांचे घरूनच न्या, नाहीतर तिथे प्रत्येक वेळी नवे विकत घ्यावे लागतात आणि घरात एकेकट्या मोज्यांचा ढीग होतो.
- कपड्यांचे दोन जोड, पोहण्याचे कपडे आणि लागत असेल तर पाण्यात चालणारा डायपर. पाणी कुठे समोर येईल ते सांगता येत नाही.
- टिश्यू, ओले वाइप्स आणि थोडी चिल्लर. स्वच्छतागृहाला इथे ‘तांदास’ म्हणतात. बाजार आणि बसस्टँडवर आत जायला २० ते ५० सेन (रिंगिटची चिल्लर) द्यावे लागतात, आणि आतली फरशी हमखास ओली असते. मॉलमध्ये मात्र बाळाला पाजायची, बदलायची स्वतंत्र खोली असते आणि बहुतेक ठिकाणी ती नीटनेटकी असते.
- डासांचं मलम, छत्री, पाणी.

४. जायचं कसं

*ट्रेन.* आधी पैसे भरून वापरायचं ‘टच अँड गो’ कार्ड पहिल्या दिवशीच घ्या, प्रत्येक मोठ्या माणसाचं वेगळं. एका कार्डावर दोघांना आत जाता येत नाही. एमआरटी मेट्रोच्या नव्या स्थानकांत लिफ्ट आहेत आणि बाबागाडी आरामात जाते. अडचण असते ती स्थानकाबाहेर. पदपथ मध्येच संपतो, त्यावर मोटरसायकल उभी असते, आणि बाजूला ‘लोंगकांग’, म्हणजे उघडं खोल गटार असतं. मॉलपुरती जाणार असाल तर बाबागाडी न्या. जुन्या वस्तीत किंवा देवळात जायचं असेल तर मुलाला पुढे बांधायचं कॅरिअर बरं.

केटीएम कोम्युटर, म्हणजे इथल्या लोकल गाडीत गुलाबी खुणेचे डबे बायकांसाठी असतात. घाईत बाबा पोराला कडेवर घेऊन नेमके त्याच डब्यात शिरतात. कोणी ओरडत नाही, पण सगळा डबा बघत राहतो.

*ग्रॅब.* ॲपवरून बोलवायची टॅक्सी. रोजच्या वापराला हेच. दोन गोष्टी सांभाळा. मॉलला पाच-सहा दारं असतात, तेव्हा ॲपमध्ये दाराचं नाव नीट निवडा, नाहीतर झोपलेलं मूल खांद्यावर घेऊन पूर्ण मॉल पार करावा लागतो. दुसरं, आभाळ काळवंडलं की लगेच गाडी बोलवा. पाऊस सुरू झाल्यावर भाडं वाढतं आणि गाडीही मिळत नाही.

*स्वतःची गाडी.* खाजगी गाडीत मुलासाठी कार सीट १ जानेवारी २०२० पासून सक्तीची आहे. ग्रॅब आणि टॅक्सीला त्यातून सूट आहे, पण ही सूट कायद्यातली. हायवेला लागायचं असेल तर घडी घालता येणारी छोटी सीट सोबत न्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. मांडीवर घेऊन बसायची सवय आपल्याला भारतातून लागलेली असते. इथे गाड्या ११० च्या वेगाने जातात.

५. पहिल्या महिन्यात कुठे जायचं

केएलसीसी पार्कपासून सुरुवात करा. पेट्रोनास टॉवर्सच्या पायथ्याशी असलेली ही बाग फुकट आहे, आणि बहुतेक पर्यटक तळ्यासमोर फोटो काढून तिथूनच परत फिरतात. तुम्ही तळं ओलांडून पलीकडे जा. तिथे मुलांचं मोठं खेळाचं मैदान आहे आणि त्याला लागून उथळ पाण्याचा तलाव. पाणी घोट्यापासून गुडघ्यापर्यंत, तळाला निळसर फरशी, एका बाजूने कोसळणारी पाण्याची भिंत. दीड वर्षाचं मूल आधी काठावर बसून पाय बुडवतं, बाजूची मुलं ओरडत पळताना बघतं, आणि दहा मिनिटांत आईचा हात सोडून तेही त्यांच्यात पळू लागतं. तळाची फरशी तापत नाही, पण काठाची तापते, म्हणून रबरी चपला पायात राहू द्या. इथे पोहण्याचे कपडे लागतात. सुती चड्डी-बनियनवर रखवालदार शिट्टी वाजवतो. देखभालीसाठी तलाव कधी कधी बंद असतो. मैदान तरी असतंच.

साडेदहाला तिथून उठा आणि शेजारच्या सुरिया मॉलमध्ये शिरा. आंघोळ-कपडे, जेवण, बाबागाडीत झोप. पाऊस लागला तर ॲक्वेरिया मत्स्यालयात आतूनच चालत जाता येतं. मॉलमधलं पेट्रोसायन्स हे विज्ञान केंद्र पाचच्या पुढच्या मुलांना जास्त कळतं, आणि ते एरवी सोमवारी बंद असतं. संध्याकाळपर्यंत थांबायची ताकद असेल तर तळ्यातली रंगीत कारंजी बघा. आमच्या घरी बहुतेक वेळा तोवर कोणाचीच उरत नाही.

दुसरं ठिकाण पेर्दाना बोटॅनिकल गार्डन, जुनं लेक गार्डन, १८८८ पासूनचं. बागेत प्रवेश फुकट, झाडं उंच, सावली भरपूर. हरणांचा भाग आणि खेळाचं मैदान एवढ्यात लहान मुलाची सकाळ जाते. शेजारच्या पक्षी उद्यानाला वेगळं तिकीट आहे. ते दुसऱ्या दिवसासाठी ठेवा. दोन्ही एका दिवसात केलंत तर शेवटचे पक्षी मूल झोपेत बघेल.

बाटू केव्ह्ज, म्हणजे गुहेतलं मुरुगनचं (कार्तिकेयाचं) देऊळ, प्रत्येकाच्या यादीत असतं, आणि आजी-आजोबा आले की जावंच लागतं. केएल सेंट्रलवरून कोम्युटर थेट पायथ्याशी सोडते. २०१८ मध्ये रंगवलेल्या २७२ पायऱ्या आणि मुरुगनचा ४२.७ मीटर उंच सोनेरी पुतळा. पायऱ्या अरुंद आणि चढ उभा आहे. चालतं मूल निम्म्यावर ‘उचल’ म्हणतं, म्हणून कॅरिअर न्या आणि बाबागाडी खाली ठेवा. माकडांबद्दल हसू नका. हातात प्लास्टिकची पिशवी, केळं किंवा दुधाची बाटली दिसली की ती झडप घालतात, आणि मुलाच्या उंचीला तर सरळ हातच पोचतो. खाणं बंद पिशवीत, पिशवी पाठीवर. आजोबांचे गुडघे कुरकुरत असतील तर खालची देवळं आणि कबुतरं पुरेशी आहेत; कबुतरांमागे पळण्यात मुलंही वरच्या गुहेपेक्षा जास्त रमतात. तैपूसम या मुरुगनच्या सणाच्या दिवसांत, जानेवारी-फेब्रुवारीत, लहान मुलाला घेऊन तिकडे फिरकू नका. लाखोंची गर्दी असते.

झाडीची आवड असेल तर केपोंगचं फ्रिम, म्हणजे वनसंशोधन संस्थेचं जंगल. सपाट रस्ते, उथळ ओढा, पिकनिकची चादर टाकायला जागा. पावसानंतर जळवा असतात, तेव्हा लांब पँट घाला.

क्वाला सेलांगोरच्या काजव्यांची सफर सुंदरच आहे, पण ती अंधार पडल्यावर, होडीतून, शांत बसून करायची असते. तीन वर्षांखालच्या मुलाला यातलं एकही जमत नाही. चार-पाच वर्षांचं झालं की जा, आणि मुलाच्या मापाचं लाइफ जॅकेट मिळाल्याशिवाय होडीत पाय ठेवू नका. गेंटिंग या डोंगरावरच्या ठिकाणी केबल कार छान आहे. वर थंडी आणि धुकं असतं, स्वेटर लागतो.

६. मुलाचं खाणं

चोवीस तास उघडी ‘मामाक’, म्हणजे तमिळ मुस्लिमांची हॉटेलं ही आईबाबांची खरी सोय. रोती चनाय, म्हणजे पदरांचा पराठा, करणारा माणूस कणकेचा गोळा हवेत फिरवून रुमालाएवढा पातळ करतो, ते बघत मूल मुकाट्याने दोन घास जास्त खातं. ‘रोती कोसोंग’ मागितली की आत काही न भरलेली साधी मिळते. सोबतची डाळ वेगळ्या वाटीत मागा. न सांगितल्यास ती कधी कधी माशाच्या रश्शात मिसळून येते.

उपयोगी पडणारी वाक्यं: ‘ताक माऊ पेदास’, तिखट नको. ‘कुरांग मानिस’, साखर कमी. हे दुसरं प्रत्येक पेयाला म्हणा, कारण इथला चहा आणि मायलो कंडेन्स्ड मिल्कमध्ये बुडालेला असतो. ‘बुंगकुस’, बांधून द्या.

शाकाहारी घरांसाठी मोठा सापळा म्हणजे सांबल. ते दिसतं मिरचीच्या ठेच्यासारखं, पण त्यात ब्लाचान म्हणजे कोळंबीची वडी असते. नासी लमाकवर, म्हणजे नारळाच्या दुधातल्या भातावर, सुकी छोटी मासळी असतेच. भाजीच्या पदार्थातही सुकी कोळंबी पडते, आणि ‘भाजीच आहे ना?’ असं विचारलं तर समोरचा प्रामाणिकपणे हो म्हणतो. मासळी, कोळंबी, अंडं यांची नावं घेऊन एकेक विचारा.

वरणभाताची तल्लफ आली, म्हणजे तुमची नाही, पोराची, तर केळीच्या पानावर वाढणाऱ्या तमिळ खानावळीत जा. पांढरा भात, वरण, दही, पापड. मुलाला वेगळं पान घ्यायची गरज नसते, तुमच्याच पानावर त्याचं होतं. पोहे, रवा, मूगडाळ आणि साजूक तुपासाठी ब्रिकफील्ड्स, केएल सेंट्रलपासून चालत.

७. तिकिटांचे दोन दर

बहुतेक प्राणीसंग्रहालयं, वॉटरपार्क आणि उद्यानांत ‘मायकॅड’ हे मलेशियन नागरिकांचं ओळखपत्र असलेल्यांना एक दर आणि परदेशी लोकांना दुसरा, जास्त. पण इथे पासवर राहणाऱ्यांना काही ठिकाणी स्थानिक दर देतात. पाटीवर ते लिहिलेलं नसतं, खिडकीवर विचारावं लागतं आणि पास दाखवावा लागतो. ऑनलाइन स्थानिक दराने तिकीट काढून दारात वाद घालू नका. फरक तिथेच भरायला लावतात. लहान मुलाला कुठे वयावर सूट असते, कुठे उंचीवर. पासपोर्टचा फोटो इथे लागतो.

८. ताप आला तर

डेंग्यू इथे बाराही महिने आहे. ताप आला आणि कारण कळत नसेल तर पॅरासिटामॉलशिवाय काही देऊ नका; डेंग्यूची शंका असताना आयब्युप्रोफेन धोक्याचं ठरू शकतं. भारतातून आणलेलं आणि इथे घेतलेलं सिरप वेगवेगळ्या ताकदीचं असू शकतं, तेव्हा ५ मिलीत किती मिलिग्रॅम आहे ते बाटलीवर वाचून मगच चमचा भरा. ताप उतरताना मूल मलूल झालं, पोट दुखू लागलं, सारखी उलटी झाली किंवा कुठून रक्त आलं तर थेट रुग्णालय गाठा. आणीबाणीचा क्रमांक ९९९.

पाळणाघराला इथे ‘तास्का’ म्हणतात, बालवाडीला ‘तादिका’. तिथून घरी येणारा नेहमीचा पाहुणा म्हणजे हात-पाय-तोंडाचा आजार. तोंडात फोड, तळव्यांवर पुरळ. म्हणूनच रोज सकाळी दारात शिक्षिका तापमान घेतात, तळहात उलटेपालटे करून बघतात. एक ठिपका दिसला तरी परत पाठवतात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय पुन्हा घेत नाहीत. नोकरी करणाऱ्या आईबाबांनी रजेचे काही दिवस यासाठी बाजूला ठेवलेले बरे.

९. सुट्ट्या आणि सणवार

सुट्ट्यांची यादी राज्यागणिक बदलते. क्वालालंपूरला सुट्टी आणि शेजारच्या सेलांगोरला कामाचा दिवस, असं होतं. त्या दिवशी सेलांगोरची ठिकाणं रिकामी सापडतात. केदाह, केलांतान आणि तेरेंगानूमध्ये आठवड्याची सुट्टी शुक्रवार-शनिवारी असते. पूर्व किनाऱ्यावरची बेटं नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत पावसामुळे जवळपास बंदच.

रमजानमध्ये मुलाला बाहेर भरवायला कोणाची हरकत नसते. दुपारनंतर भरणारे बाजार गोड पदार्थांसाठी बघण्यासारखे, पण गर्दीत बाबागाडी नको. हरी राया (ईद) आणि चिनी नववर्षाला शेजारी मुलाच्या हातात पैशांचं पाकीट ठेवतात. मुलाला ते उजव्या हाताने किंवा दोन्ही हातांनी घ्यायला शिकवा आणि देणाऱ्यासमोर उघडू देऊ नका. लिफ्टमधल्या मावश्या ‘आदिक’ (लहान भावंड) म्हणत गाल ओढतील, त्याचीही सवय होते.

१०. मग एकदा लांबचा पल्ला

दोन-तीन महिन्यांत मूल रुळलं की ईटीएस रेल्वेने बाहेर पडा. गाडीत बसून घाट चढण्यापेक्षा हे कितीतरी बरं; कॅमरन हायलंड्सच्या वळणांवर किती मुलांचं पोट ढवळतं ते तिथल्या प्रत्येक चहाच्या दुकानदाराला माहीत आहे. केएल सेंट्रलवरून इपोह सुमारे अडीच तास, डोंगर आणि गुहा बघायला. आणखी पुढे बटरवर्थला उतरून फेरीने पेनांग. मुलांना पेनांगपेक्षा ही बोटच जास्त आवडते. तिकीट केटीएमच्या ॲपवर मिळतं आणि प्रत्येकाचा पासपोर्ट क्रमांक लागतो. शाळेच्या सुट्ट्या आणि राया धरून गाड्या कित्येक आठवडे आधी भरतात, म्हणून परतीचं तिकीटही त्याच वेळी काढा. आणि परतताना दुरियान हे उग्र वासाचं फळ बरोबर आणू नका, गाडीत ते चालत नाही.